पिवळं शीड, मागे!

शर्यत सुरू करायला माणूस लागतच नाही! हे वाक्य मी आमच्या होड्यांच्या क्लबाच्या सभेत उभं राहून म्हटलं, आणि इतक्या ठामपणे म्हटलं की मागच्या रांगेत डुलक्या काढणारे एक आजोबा दचकून टाळ्या वाजवू लागले.

प्रश्न असा होता की आमच्याकडे शर्यतीचा पंच उरला नव्हता. पंच म्हणजे बाबा. धक्क्याच्या टोकाला एक काचेची खोली आहे. दर रविवारी बाबा तिथे पांढरी टोपी घालून बसायचे आणि लाऊडस्पीकरवरून सगळ्या शिडाच्या होड्यांना धाकात ठेवायचे. स्वतः मात्र ते कधी होडीत बसले नाहीत. बादलीतलं पाणी हललं तरी त्यांना मळमळायचं. पण किनाऱ्यावरून त्यांना जे दिसायचं ते होडीतल्यांना दिसायचं नाही. धक्क्याचा खांब आणि समोर पाण्यात तरंगणारं नारिंगी पिंप यांच्यामध्ये एक रेषा असते. ती पाण्यावर कुठेच आखलेली नसते. ती फक्त बाबांच्या डोळ्यांत होती. भोंगा वाजायच्या आधी जो ती ओलांडेल, त्याचं काही खरं नसायचं; मागे फिरून पुन्हा सुटावं लागायचं.

पावसाळ्याआधी बाबा गेले. तेव्हापासून एकही शर्यत झाली नव्हती. खुर्ची कोणालाच नको होती. सगळे होड्यांत असताना आपण काठावर बसायचं, वर शिव्या खायच्या!

"आपण यंत्र आणू," दातांचे डॉक्टर म्हणाले. ते क्लबाचे सेक्रेटरी. "पेटी असते. बटण दाबलं की वेळेवर भोंगे वाजतात. पगार नाही, चहा नाही, आरडाओरडा नाही."

आरडाओरडा नाही! मी उठलेच.

"यंत्र कशाला? माझ्या मोबाइलमध्ये बाबांचं रेकॉर्डिंग आहे. मागच्या वर्षीच्या शर्यतीचं. पाच मिनिटांच्या इशाऱ्यापासून सुटण्याच्या भोंग्यापर्यंत सगळं. लाऊडस्पीकरला जोडायचं आणि लावायचं. माणूस लागतच नाही!"

ते रेकॉर्डिंग बेकरीवाल्या काकांमुळे झालं होतं. पिवळ्या शिडाची होडी त्यांची. ते दर शर्यतीला रेषेच्या पुढे असायचे आणि दर शर्यतीनंतर धक्क्यावर येऊन "मी मागेच होतो!" म्हणून भांडायचे. शेवटी बाबा मला म्हणाले, "सगळं रेकॉर्ड कर. पुरावा पाहिजे." मी मोबाइल खिडकीत ठेवला आणि खाली चहा आणायला गेले होते.

"पूर्ण ऐकलंयस ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आवाज अगदी स्पष्ट आहे," मी म्हटलं.

ते खरंच होतं. पहिल्या दोन शब्दांचा आवाज स्पष्ट होता. त्यापुढे मी कधी गेले नव्हते. बाबा "पाच मिनिटं!" म्हणायचे आणि मी मोबाइल उशीखाली ठेवून द्यायची.

रविवारी वारा छान होता. बारा होड्या रेषेमागे गोल गोल फिरत होत्या, लग्नाच्या पंगतीत जागा शोधणाऱ्या पाहुण्यांसारख्या. बेकरीवाले काका धक्क्याजवळून गेले. "पोरी, आज मी सगळ्यांच्या मागून सुटणार!" त्यांनी ओरडून सांगितलं. "तुझ्या बाबांच्या मानासाठी! आज एकदा बघ तू!"

मी वायर जोडली आणि बटण दाबलं.

"पाच मिनिटं!"

अख्ख्या खाडीवर बाबांचा आवाज गेला. होड्यांतले बाराही जण ताठ बसले. एकाने तोंडातली सिगारेट पाण्यात टाकली. बाबांना ती आवडायची नाही. मी खिडकीची कड घट्ट धरली. हेच तर हवं होतं मला. दर रविवारी फक्त एवढंच. याहून जास्त मागायला मी कोणाकडे जाणार होते?

इतक्यात जिना धडधडला आणि आई आत आली. घरातल्या चपला तशाच पायात, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात बाबांची पांढरी टोपी.

"आई, तू?"

"स्वयंपाकघरात ऐकू आलं," ती धापा टाकत म्हणाली. "म्हटलं, टोपी विसरून गेले वाटतं. घेऊन निघाले."

मी वायरीला जोडलेला मोबाइल तिला दाखवला.

"अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं गं," आई म्हणाली. "मग म्हटलं, आता निघालेच आहे तर..." तिने टोपी खुर्चीवर ठेवली आणि स्वतः स्टुलावर बसली.

भोंगा वाजला. काय सुंदर सुटल्या होड्या! सगळ्या एका ओळीत, शिडं भरलेली. आणि सगळ्यांच्या मागे, शब्दाला जागून, एकटंच पिवळं शीड. मी आईकडे विजयी नजरेने पाहिलं. सेकंदभरच!

"पिवळं शीड!" बाबा कडाडले. "पिवळं शीड, मागे! घाई कसली? भट्टी पेटती ठेवून आलात का?"

बेकरीवाले काका तेव्हा रेषेच्या चांगले तीन होड्या मागे होते. आयुष्यात पहिल्यांदा! त्यांनी वर काचेकडे पाहिलं. मग रेषेकडे पाहिलं. पुन्हा काचेकडे पाहिलं. आणि गपकन सुकाणू फिरवून ते मागे वळले.

वळायला जागा असती तर काही बिघडलं नसतं. पण त्यांच्याही मागून, सुरुवातीलाच शिडाचा दोर अडकल्यामुळे रखडलेले आणि माझ्या नजरेतून सुटलेले डॉक्टर वेगाने येत होते.

"अहो, वळता कशाला? वळता कशाला?" डॉक्टर ओरडले.

"त्यांनी सांगितलंय!" काका ओरडले.

धाड! पिवळं शीड पांढऱ्या शिडात घुसलं. दोन्ही होड्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि डॉक्टर दाढ उपटल्यासारखे अलगद पाण्यात आले.

"हसताय काय?" लाऊडस्पीकरवरून बाबांनी विचारलं. मागच्या वर्षी कोण हसलं होतं कोण जाणे, पण या वर्षी हसणारे सगळे गप्प झाले. "निम्मे जण रेषेपुढे होतात! सगळे परत! एकूण एक परत!"

दोन भोंगे वाजले आणि दहा निर्दोष होड्या खाली मान घालून परत फिरल्या.

"बंद कर ते!" डॉक्टर धक्क्याच्या शिडीवरून चढत होते. खिशांतून, बाह्यांतून, मिशांतून पाणी. "आधी बंद कर!"

बंद करायला काहीच लागणार नव्हतं. बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. पण बाबा बोलत होते. आत्तापर्यंत मी ऐकलेलं सगळं मला पाठ होतं, आमच्या घरातलं, टेलिफोनवरचं, हॉस्पिटलमधलं. आणि हे नवं होतं. बाबांचं अजून न ऐकलेलं बोलणं जगात एवढंच शिल्लक होतं, आणि तेही खिडकीबाहेर वाया चाललं होतं. मी आईकडे पाहिलं.

"राहू दे ना," ती हळूच म्हणाली. "डॉक्टर काय, भिजलेलेच आहेत आता."

तोवर बेकरीवाले काका दोन्ही होड्या सोडवून, डॉक्टरांची शिडीशी लावून खिडकीखाली आले होते. तोंड लालबुंद.

"मी मागे होतो! पोरी, तू पाहिलंस! तीन होड्या मागे होतो!"

"पाहिलं, काका. मागेच होतात."

"मग हा माणूस गेल्यावरसुद्धा माझ्याच मागे का?"

"अहो, ते मागच्या वर्षीचं बोलतायत! पण तुम्ही मागे होतात तर वळलात कशाला?"

काकांनी शिडाचा दोर उगाच एकदा गुंडाळला, एकदा सोडला.

"त्यांनी सांगितलं म्हणून," ते म्हणाले. "वीस वर्षं मी त्यांच्याशी भांडलो, पण वळलो नाही असं एकदा तरी झालंय का? त्यांना रेषा दिसायची गं. मला कधी दिसली नाही."

"पाच मिनिटं!" बाबा म्हणाले.

भांडण तिथेच थांबलं. काकांनी सुकाणू धरलं. डॉक्टरसुद्धा, तोंडाने "यंत्र, यंत्र" म्हणत, पुन्हा शिडी उतरून आपल्या होडीत बसले! कोणी कोणाला काही सांगितलं नाही. बाराही होड्या रेषेमागे गेल्या, आणि या वेळी भोंगा वाजला तेव्हा लाऊडस्पीकरवरून कोणालाच ओरडा बसला नाही. बाबा गप्प होते. सुरुवात चोख झाली की ते गप्पच बसायचे.

होड्या लांब जाऊ लागल्या. मी सुस्कारा सोडला, आणि लाऊडस्पीकर बंद करायचा राहून गेला.

"छान गेले," बाबा पुटपुटले. तेव्हा ते खोलीत एकटे होते, स्वतःशीच बोलत होते. पण आता ते खाडीभर ऐकू जात होतं. "बेकरीवाला बघा. कसं धरलंय शीड! या पाण्यात याच्यासारखा हात कोणाचा नाही. तोंडावर बोलायची सोय नाही, डोक्यावर बसेल."

दूरवर, सगळ्यांच्या पुढे निघालेलं पिवळं शीड एकदम ढिलं पडलं. काका होडीत उभे राहिले होते. तोंड आमच्याकडे, शर्यतीकडे पाठ. एकेक होडी त्यांच्या बाजूने पुढे गेली. ते काही बसले नाहीत.

मग रेकॉर्डिंगमध्ये जिना वाजला.

"आणलास चहा? ठेव तिथे," बाबा म्हणाले. "आणि ते बंद कर आता. झालं."

"केलं, बाबा," मी म्हटलं. माझाच आवाज, मागच्या वर्षीचा. घाईतला, थोडा वैतागलेला. पुढे पुष्कळ रविवार पडलेत अशा आवाजात.

खट्ट.

नुसती लाटांची चुबुकचुबुक. आईने थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि नकळत खुर्चीसमोर, टोपीपुढे ठेवला. मग तिच्या ध्यानात आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि झाकण उचलून तो चहा स्वतःच पिऊन टाकला.

"साखर कमी आहे," ती म्हणाली. "त्यांना चालली नसती."

शेवटी यंत्र आलंच. डॉक्टरांना सर्दी झाली होती, त्यामुळे सभेत कोणी विरोध केला नाही. मीही नाही. पेटी चांगली आहे. भोंगे अगदी वेळेवर वाजतात. कोणाला काही बोलत नाही, कोणाला मागे बोलावत नाही. माणूस लागतच नाही.

मी आपली वर जाऊन बसते. टोपी तिथेच असते, उन्हाने खराब होऊ नये म्हणून मी डोक्यावर घेते, एवढंच. आईही येते, पायऱ्या चढण्याचा व्यायाम म्हणून.

परवाच्या रविवारी पेटीने भोंगा वाजवला तेव्हा पिवळं शीड रेषेच्या पुढे होतं. चांगलं होडीभर! काकांनी मान वर करून काचेकडे पाहिलं. पेटी गप्प. काका हळू झाले, आणि बघतच राहिले. मी मुळीच बोलणार नव्हते. पण मला ती रेषा दिसली हो, खांबापासून पिंपापर्यंत, अगदी दोरी ताणल्यासारखी! त्यात आईने कोपराने ढोसलं, आणि लाऊडस्पीकरचा माइक हाताशीच होता.

"पिवळं शीड!" मी ओरडले. "पिवळं शीड, मागे! घाई कसली?"

मी फक्त काकांना बोलावलं होतं, हे शपथेवर सांगते. पण आवाज कोणाचा लागला कोण जाणे. बाराच्या बारा होड्या परत आल्या.