वीस तोळ्यांची करवंटी

"मिरचीबी आता तराजूवर तोलायची. बिबडे करायचेत की डोरलं घडवायचंय?" मंजुळाबाई उखळात मिरच्या कुटता कुटता पुटपुटली. शेजारीच बसलेल्या नवऱ्याला, रुपचंद गुरुजींना, ते ऐकू गेलं. पण एरंडोलच्या शाळेत गणित शिकवणारा माणूस असल्या बोलण्याला उत्तर देत नसतो.

खरा घोळ करवंटीनं केला होता. गुरुजींची आई, भिकुबाई, लेकीच्या बाळंतपणाला पाचोऱ्याला जाताना ज्वारीच्या पापडांचं काम सुनेवर सोपवून गेली होती, "यंदा बिबडे तूच कर. पायलीभर ज्वारीला करवंटीभर मिरची. जमले, तर कोठीची किल्ली तुझी." सात वर्षं त्या किल्लीकडे बघत आलेल्या मंजुळाबाईच्या हातून पहिल्याच दिवशी करवंटी पडली आणि तिचे तीन तुकडे झाले.

"रडू नकोस," गुरुजी म्हणाले. "त्या करवंटीत वीस तोळे ज्वारी बसायची. मी स्वतः तोलली आहे. म्हणजे करवंटी म्हणजे वीस तोळे. दोन पायलीला चाळीस."

तराजू आणला सरदारभाई किराणावाल्याचा. पारड्यातला लाल डोंगर बघून त्यानं तोंड उघडलं. "गुरुजी, मिर्ची जरा हल्की..."

"सरदारभाई, वीस तोळे म्हणजे वीस तोळे. मिरचीचे काय, मोत्याचे काय."

सरदारभाईनं तोंड मिटलं. त्याचा असलम गुरुजींच्या वर्गात होता आणि परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

"अहो, एवढी त्या करवंटीत मावायचीच नाही," मंजुळाबाई म्हणाली. "दुप्पट दिसतेय."

"दिसतं डोळ्यांना. तराजूला डोळे नसतात."

ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजला. थापायला आलेल्या तानुबाईनं बोटभर चाटला आणि तिचे डोळे भरून आले. तिच्या पलटणीतल्या नवऱ्याला पत्रं गुरुजीच लिहून देत.

"झकास शे," ती म्हणाली. "पानी दे वं माय. घाटा ऊन शे."

गुरुजींनीही चाखला आणि कपाळ पुसत "यंदा उन्हाळा कडक आहे" म्हणून सावलीत जाऊन बसले.

मंजुळाबाईनंही चाखला आणि ती गोंधळली. गणित बरोबर, तानुबाई खूश, मग जिभेला काय झालं? शेवटच्या पातेल्याला तिनं तराजू बाजूला सारला आणि फुटलेली करवंटी मनात आठवून मुठीनंच मिरची टाकली. ते बिबडे वाळल्यावर वेगळ्या टोपलीत ठेवले.

शुक्रवारी भिकुबाई परतली. पहिल्या टोपलीतला बिबडा भाजून तिच्या हातात दिला. तानुबाई दारात, सरदारभाई तराजू न्यायला आलेला, गुरुजी पुस्तकात. भिकुबाईनं एक तुकडा मोडला, चावला, आणि तांब्या तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत.

"झकास झालेत, नाही?" तानुबाई म्हणाली.

भिकुबाईनं दुसऱ्या टोपलीतला मागितला. तो सगळा खाल्ला.

"ह्या टोपलीमा मिरची कोनी तोली?"

"तोलली नाही, आत्याबाई," मंजुळाबाई म्हणाली. "तुमची करवंटी माझ्या हातून फुटली. म्हणून मुठीनं..."

भिकुबाईनं कंबरेची किल्ली सोडली, सुनेच्या मुठीत ठेवली आणि ती मूठ आपल्या हातानं मिटली. मग पुस्तकाकडे वळून म्हणाली,

"रुपचंद, तुन्हं गणित चुकनं."