कंपायलरसाहेबांच्या एकशे त्रेचाळीस हरकती

नेवासे तालुक्यात मोठे गुन्हे का होत नाहीत, यावर पोलीस खात्याची काही मतं आहेत. ती चुकीची आहेत. खरं कारण मी. सूर्यभान औटी, वय चौतीस, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून आणि कचेरीची वेळ सोडून (कधीकधी धरूनही) गुप्तहेर. माझी नजर घारीची, कान सशाचे. नाकाबद्दल बायकोचं मत वेगळं आहे, कारण दूध करपलं तरी मला कळत नाही. माणसाच्या चपलेवरून मी त्याचं गाव सांगतो. गाव बहुतेक वेळा चुकतं, पण चप्पल त्याचीच असते, यात मी आजवर चुकलेलो नाही.

एकाहत्तर साली माझ्याकडे जे प्रकरण आलं, ते मात्र साधं नव्हतं.

आमच्या कारखान्यात ऊस कुणाचा आधी तोडायचा, हे सहादेव ठरवायचा. सहादेव म्हणजे चेअरमनसाहेबांचा मेहुणा. त्याचा आणि त्याच्या सोयऱ्यांचा ऊस दिवाळीत गाळला जायचा, आणि कडूबाईचा ऊस चैत्रापर्यंत तुरे काढून उभा. कडूबाई एकटी बाई, दोन एकर ऊस. हंगाम आला की ती रोज कचेरीच्या पायरीवर येऊन बसायची.

"नंबर आला का जी माजा?"

"अजून न्हाई, मावशी," असं मी अकरा वर्षं सांगत होतो.

त्या साली राधाकृष्ण सर पुढे आले. सर नगरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे, राहायला केडगावला. त्यांनी संचालक मंडळाला सांगितलं, "पुण्याच्या एका संस्थेत काँप्युटर आहे. लागणीच्या तारखा द्या, तो तोडणीची यादी छापून देईल. त्याला मेहुणा नाही." चेअरमन सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? ते म्हणाले, "दसऱ्याला बॉयलर पेटतो. तोवर यादी आली तर ती लावू. नाहीतर आहे तसंच."

सरांनी फोरट्रान नावाच्या भाषेत काँप्युटरसाठी हुकूम लिहिले. कच्च्या वहीवरून ते चौकटींच्या कागदांवर इंग्रजी मोठ्या अक्षरांत उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. एका चौकटीत एक अक्षर. कागद एसटीच्या पार्सलने पुण्याला जायचे, तिथल्या बाई त्यावरून कार्डांना भोकं पाडायच्या, आणि ती कार्डं यंत्र वाचायचं.

आठ दिवसांनी पुण्याहून घड्या घातलेला लांबलचक कागद आला. यादी नव्हती. नुसते आकडे होते: ओळ अमुक, चूक तमुक. कागद वाचवायला ते लोक मूळ मजकूर छापत नसत. सरांनी शेवटपर्यंत वाचला आणि घाम पुसला.

"औटी, कंपायलर मान्य करत नाही. एकशे त्रेचाळीस हरकती काढल्यात त्याने."

"हा कंपायलर माणूस कसा आहे?" मी विचारलं.

"अत्यंत काटेकोर. स्वल्पविराम चुकला तरी परत पाठवतो."

मी ओळखलं. इंजिनियर, कॉन्ट्रॅक्टर अशी पारशी लोकांची आडनावं असतात, त्यातलंच हे. वयस्कर, चिडका, बहुधा पोटाचा विकार. त्याच दिवशी मी 'रिस्पेक्टेड कंपायलरसाहेब' असं इंग्रजीत पत्र लिहिलं, सोबत गुळाची ढेप दिली आणि पार्सल रवाना केलं.

पुढच्या रविवारी सर ती ढेप काखेत घेऊन आले.

"औटी, काँप्युटरला गूळ कुणी पाठवला?"

"काँप्युटरला नाही, सर. कंपायलरसाहेबांना."

सरांनी ढेप टेबलावर ठेवली. मग त्यांनी समजावून सांगितलं की कंपायलर म्हणजे यंत्राच्या पोटातला दुभाष्या. आपण लिहिलेलं तो यंत्राच्या भाषेत करतो. त्याला कळलं नाही तर हरकत काढतो. तो पारशी नाही, तो माणूसच नाही. "आणि माझी वही मी सात वेळा तपासली. तीत एकही चूक नाही."

वहीत चूक नाही, दुभाष्याला लाच चालत नाही. म्हणजे घातपात! संशयित एकच: सहादेव. मी नव्याने प्रत काढायला घेतली. या खेपेस दुप्पट काळजीने, एकेक अक्षर दागिन्यासारखं. ते कागद पुण्याला गेले आणि मी सहादेवच्या मागे लागलो.

रविवारी तो बेलापूरच्या बाजाराला निघाला. गावच्या नाटकमंडळीकडून दाढी घेऊन मीही त्याच गाडीत बसलो. बाजारात तो एका बैलाजवळ थांबला, मी शेजारच्या बैलाआड. तो एका परक्या इसमाशी हलक्या आवाजात बोलत होता. 'शिंगं', 'दोन दाती', 'बशा' असे सांकेतिक शब्द मी टिपून घेतले. एवढ्यात माझ्या बैलाने दाढी खायला सुरुवात केली.

सहादेव वळला. "आरं, औटी! दाढी वडून घ्या, बैलाला बाधंल ती."

त्याने मला चहा पाजला. मी थेट विचारलं, "पुण्याच्या कामात तुमी घोटाळा केला का?"

"म्या?" तो मनापासून हसला. "त्या यंत्रानं यादी दिलीच न्हाई, तर मला काय करायचं पडलंय? बसल्या जागी माजं काम हुतंय की. कोन करतंय त्याचा सत्कार करा माज्या वतीनं."

हे उत्तर मला निर्दोष वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

पुण्याचा दुसरा कागद आला. हरकती एकशे अडुसष्ट.

"वाढल्या?" सर पुटपुटले. "वाढतील कशा? औटी, तुम्ही जास्त काळजी घेतलीत ना?"

"दुप्पट, सर."

दसरा दहा दिवसांवर आला होता. या खेपेस सरांनी पत्र घालून आमचे चौकटींचे कागद पुण्याहून परत मागवले. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'जसे लिहिले आहे तसेच भोके पाडली आहेत. आमची जबाबदारी नाही.'

"धमकी!" मी म्हणालो. "भोके पाडली आहेत. कुणाला?" मी भिंग काढलं आणि टेबलावर आडवा झालो. बोटांचे ठसे शोधले. सगळे माझेच निघाले. कागद उजेडात धरला, उलटा धरला, हुंगला. पायरीवरून कडूबाई हे सगळं बघत होती.

लंकाबाई कचेरी झाडायची. केरसुणी घेऊन ती टेबलाखालून निघाली, कागदावर वाकली आणि म्हणाली, "आवो सायेब, ही समदी अक्षरं दोरीवर वाळत का घातल्यात?"

"लंकाबाई, हे इंग्रजी आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"कळत न्हाईच. पर माज्या नातीच्या इंग्रजी पुस्तकात अशी रेघ नस्ती वर. तिथं अक्षरं मोकळी बसत्यात."

सरांनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला. बघितला. मग फार हळू आवाजात म्हणाले, "औटी, अक्षरांच्या डोक्यावर ही रेघ कुणी ओढली?"

"शिरोरेषा, सर? मी. बोडकी अक्षरं बरी दिसत नव्हती. पहिल्या खेपेस घाईत काही ओळी राहिल्या होत्या. दुसऱ्यांदा एकही सोडली नाही."

"'आय'च्या डोक्यावर रेघ दिली की काय होतं?"

मी बोटाने हवेत काढून बघितलं. 'टी' होतो. 'एल'चा चौकोनी 'सी' होतो. सरांच्या हुकुमांत 'आय' नसलेली ओळ सापडणं कठीण होतं. पुण्याच्या बाईंनी बिचाऱ्यांनी दिसलं तशी भोकं पाडली होती आणि दुभाष्याने दिसलं तसं नाकारलं होतं. नेवासे तालुक्यातला सर्वांत मोठा घातपात मी स्वतःच्या हाताने, पट्टी लावून, दोनदा केला होता.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला हसू येईना, कारण पायरीवर कडूबाई होती.

मी तिथेच तिसरी प्रत काढायला बसलो. ओळ संपली की हात आपोआप वर जायचा. लंकाबाई केरसुणी टाकून शेजारी बसली आणि हात हलला की मनगट धरायची. "वर नगं, सायेब. खाली. हां." दुपारपर्यंत शंभर ओळी झाल्या, संध्याकाळपर्यंत सगळ्या. सरांनी प्रत्येक पान वहीशी ताडून बघितलं. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मी स्वतः पुण्याला गेलो आणि भोकं पाडणाऱ्या बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तुमच्याकडे तशीच पद्धत असेल." तीन दिवस मी संस्थेच्या व्हरांड्यात बसून काढले. चौथ्या दिवशी आतून कागद आला. हरकत एकही नाही. खाली यादी, सहाशे बारा नावं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ती फळ्यावर लावली. सहादेव दोनशे चौथा. चेअरमनसाहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. भांडायला कुणीतरी समोर लागतं. तिथे नुसता कागद होता. ते घसा साफ करून निघून गेले.

कडूबाईला वाचता येत नव्हतं. मी तिला फळ्यापाशी नेलं आणि बोट ठेवलं.

"सतरावा नंबर, मावशी."

तिने त्याच जागी स्वतःचं बोट टेकवलं. मग पदराने तोंड पुसलं.

मला राहवलं नाही. "मावशी, एक सांगायचंय. यादी आधीच यायची. माझ्या चुकीने उशीर झाला. रेघ मी ओढली होती."

"किती दिस गेलं तुमच्यापायी?"

"एकवीस."

तिने अकरा वर्षांचा हिशेब मनात मांडला असावा. माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या," आणि कोयत्याला धार लावून आणायला निघाली.