वरच्या मजल्यावरचं ताट

"होळीपर्यंत बघेन," लतिकाबाई चहाचा कप जरा जोरातच ठेवत म्हणाल्या. "तोवर या बिल्डिंगीत मराठी बोलणारं एक तरी माणूस आलं तर ठीक. नाहीतर फ्लॅट विकायचा आणि पुण्याला हेमांगीच्या शेजारी जाऊन राहायचं. मला आता भिंतींशी बोलायचा कंटाळा आलाय."

भालचंद्ररावांनी चहात बुडवलेलं बिस्किट तिथंच गळून पडलं. पुण्याला! त्यांची सगळी नोकरी दिल्लीत झाली होती. इथली थंडी, इथली गाजरं, दर्यागंजच्या फुटपाथवर रविवारी मिळणारी जुनी पुस्तकं, यावर हा माणूस जगत होता. या मेव्हणीच्या देखरेखीखाली म्हातारपण काढायचं? छे!

पण बाईंचंही खोटं नव्हतं हो. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात असताना शेजारीपाजारी सगळी मराठी बिऱ्हाडं होती. हळदीकुंकू काय, भिशी काय, दुपारभर गप्पा काय! त्यामुळे इतकी वर्षं दिल्लीत काढूनही त्यांचं हिंदी भाजीवाल्याच्या पलीकडे गेलंच नाही. भालचंद्रराव रिटायर झाले, क्वार्टर सुटलं आणि दोघं गाझियाबादच्या या नव्या वसाहतीत आले. इथं घरोघरी केबल होती, दारोदारी मारुती होती, वीज मात्र आपल्या मर्जीनं यायची. शेजारणी बोलवायला आल्या की बाई "आज हमारे को काम है" म्हणून दार लावायच्या आणि मग बाल्कनीत एकट्याच बसायच्या.

भालचंद्ररावांनी लगेच चक्रं फिरवली. त्यांच्या डोक्यावरचा, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामाच पडला होता. मालक दुबईत, चावी भालचंद्ररावांकडे. आणि सरोजिनी नगरचे जुने शेजारी राजाभाऊ व कुमुदवहिनी घराच्या शोधात! फोन केला, जागा बघायला यायचा रविवार ठरला. लतिकाबाई पहिल्यांदाच मोकळं हसल्या. इथवर सगळं झकास जमलं होतं, आणि मग पंजाब्यांची लोहडी आली.

लोहडीच्या संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात शेकोटी पेटली. रेवड्या, शेंगदाणे, गजक वाटून झाले आणि नेमकी वीज गेली. सोसायटीचे सेक्रेटरी अशोक चढ्ढा म्हणाले, "अंकलजी, आप तो किताबें पढ़ते हो. कुछ सुनाओ यार!"

झालं! भालचंद्ररावांना एवढंच हवं होतं. जुन्या, भीषण, अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टी आणि कविता म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांनी दर्यागंजला मिळालेल्या एका फाटक्या पुस्तकातली शंभर वर्षांपूर्वीची विलायती गोष्ट काढली. एक माणूस भांडखोर धाकट्या भावाला माडीवर कोंडतो आणि कुलूप लावून परगावी निघून जातो. परत येतो तेव्हा भाऊ मेलेला. त्यानंतर रोज हा जेवायला बसला की वरून तीनदा ठोकल्याचा आवाज येतो. शेवटी तो घाबरून माडीवर एक ताट नेऊन ठेवतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर ताट रिकामं.

गोष्ट तशी साधीच. पण भालचंद्रराव पडले कीर्तनकाराचे नातू. आजोबांचा नेम असा, की कथा कुठलीही असो, ती ऐकणाऱ्यांच्या गावातच घडली पाहिजे. "तुमच्या त्या चावडीमागं आहे ना चिंचेचं झाड, तिथंच बरं का!" असं म्हटल्याशिवाय आजोबांची कथा पुढं सरकत नसे. नातवानंही तेच केलं. माडीऐवजी बोट वर गेलं ते थेट आपल्याच बिल्डिंगीच्या तिसऱ्या मजल्याकडे. "वो देखिए. वही बंद खिड़की."

शेंगदाणे फोडायचे आवाज थांबले. दुसऱ्या मजल्यावरच्या, त्यांच्या समोरच्या दारातल्या विजयालक्ष्मींनी आपल्या नवऱ्याचा हात घट्ट धरला. शिवाय भालचंद्ररावांनी स्वतः रचलेलं कवनही खर्जात म्हणून दाखवलं,

"दादा रे दादा, कडी काढ,
ताट मांड, मला वाढ.
देह गेला मातीत कधीच,
भूक अजून आहे तशीच."

शब्द कुणाला कळले नाहीत, पण थरथर सगळ्यांना पोचली. फक्त लतिकाबाई शाल आवळत पुटपुटल्या, "सणासुदीचं असलं अभद्र कशाला बोलावं माणसानं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी नाही. चौकीदार हरिदास रोज गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह सोडायचा. गच्चीचा जिना तिसऱ्या मजल्यावरून जायचा आणि हरिदास पहिल्या पायरीवर हात जोडून उभा होता.

"साहब, मेरे छोटे छोटे बच्चे हैं."

"अरे बाबा, वो कहानी थी! सौ साल पुरानी. किताब में छपी है!"

"छपी है?" हरिदासचा चेहरा आणखीनच उतरला. "फिर तो पक्की बात है साहब."

भालचंद्ररावांनी कपाळाला हात लावला आणि स्वतः वर जाऊन व्हॉल्व्ह सोडला. ते काम त्या दिवसापासून त्यांच्याच गळ्यात पडलं. त्यात बंद फ्लॅटच्या बाजूनं पावलांचे आवाज येतात, असं विजयालक्ष्मींनी दुपारपर्यंत सगळीकडे सांगितलं. पावलं कुणाची, हे त्यांना कोण सांगणार?

गोष्ट खोटी आहे हे पटवायला भालचंद्ररावांनी मग पुस्तकच चढ्ढांच्या हातात दिलं. चढ्ढांनी ते एका बैठकीत वाचलं, बायकोनं वाचलं, तिथून ते तळमजल्यावर गेलं आणि मग घरोघर फिरू लागलं. केबलवर चाळीस चॅनेल लागत होती, पण लोक पुस्तकासाठी नंबर लावत होते. दोन दिवसांनी चढ्ढा जिन्यात भेटले ते गंभीर चेहऱ्यानं.

"अंकलजी, बाकी सब ठीक है. लेकिन उस भूत को खाने में वो चाहिए ना, क्या कहते हैं... पिठला?"

"पिठलं?" भालचंद्रराव चक्रावले. मूळ गोष्टीत पाव आणि सूप होतं. "किसने कहा?"

"सब कह रहे हैं जी. पिठला और प्याज़. प्याज़ मुक्के से फोड़ा हुआ."

आपणच बोलण्याच्या भरात म्हणून गेलो असू, असं भालचंद्ररावांना वाटलं. विचार करायला तरी वेळ कुठं होता? रविवार तोंडावर आलेला. राजाभाऊ आले आणि जिन्यात कुणी बरळलं, तर संपलंच. पुणे त्यांना आता डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

शेवटी त्यांनी शुक्रवारी जाहीर केलं, "मैं खुद ऊपर बैठकर खाना खाऊँगा. दिन में. सब देख लेना." लतिकाबाईंनी निमूट ताट वाढून दिलं. अर्धी सोसायटी जिन्यात जमली. भालचंद्ररावांनी ऐटीत कुलूप काढलं, रिकाम्या हॉलमध्ये चटई टाकली आणि पहिला घास घेतला.

खरं सांगायचं तर रिकामं घर दिवसाढवळ्याही बरं नसतं. घास चावल्याचा आवाज भिंतींवरून परत येत होता. भालचंद्रराव मनाशी म्हणाले, अरे, गोष्ट तुझीच, भूत तुझंच, मग तू कशाला घाबरतोस? आणि तेवढ्यात त्यांच्या मांडीखाली जमिनीतून आवाज आला.

ठक. ठक. ठक.

भालचंद्ररावांची पाचावर धारण बसली. ताट तिथंच टाकून, एक चप्पल घालून, एक सोडून, ते जिना उतरले. समोर जिन्यात जमलेली मंडळी. त्यांचा पांढराफटक चेहरा बघून "हे राम!" म्हणत लोक त्यांच्याही आधी खाली पोचले.

घरात लतिकाबाई झाडूचा दांडा घेऊन उभ्या होत्या. "अहो, राजाभाऊंचा फोन होता. रविवारी नक्की येतायत. किती हाका मारायच्या? म्हणून छताला ठोकलं."

"अगं... अगं, तू... छताला!" म्हणत भालचंद्रराव मटकन खुर्चीत बसले.

ते धीर करून ताट आणायला गेले, चढ्ढांना साक्षीला घेऊन. ताट लख्ख रिकामं होतं. बाल्कनीचं दार उघडं होतं आणि शेजारच्या गच्चीवर एक माकड मिशा पुसत बसलं होतं. भालचंद्ररावांनी दोन्ही हातांनी त्या माकडाकडे बोट दाखवलं, पण चढ्ढा केव्हाच निघून गेले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी सकाळी त्यांनी दारोदार जाऊन हात जोडले. "आज मेहमान आ रहे हैं. प्लीज़, कोई कुछ न बोले. मेरे घर का सवाल है." सगळ्यांनी माना डोलावल्या. भालचंद्रराव बसस्टॉपवर गेले, राजाभाऊ आणि कुमुदवहिनींना घेऊन आले. वाटेत पाणी चांगलं, हवा चांगली, माणसं चांगली, असं एकसारखं बोलत राहिले.

फाटकातून आत आले आणि त्यांचे पाय जागीच थबकले.

अंगणात छान ऊन पडलं होतं. चटया टाकून सोसायटीतल्या झाडून सगळ्या बायका मटार सोलत बसल्या होत्या. मधोमध लतिकाबाई! मटाराची शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली होती आणि आवाज असा खोल गेला होता, की भालचंद्ररावांना क्षणभर आपले आजोबाच आठवले.

"तो उसने क्या किया? ताट लेके ऊपर गया. ताट में गरम पिठला. प्याज़ ऐसे मुक्के से फोड़ा हुआ. और नीचे से आवाज़ आया... नीचे से, समझा ना? भूत ऊपर नहीं था. भूत उसके घर में ही था!"

मिसेस चढ्ढांनी चक्क किंकाळी फोडली. विजयालक्ष्मी म्हणाल्या, "दीदी, वो गाना! वो दादा वाला!" आणि लतिकाबाईंनी डोळे मिटून "दादा रे दादा, कडी काढ" सुरू केलं. मराठीतूनच. बायका एका सुरात म्हणू लागल्या, "भूक अजून आहे तशीच!" उच्चार असे, की भालचंद्ररावांना हसावं की रडावं कळेना.

राजाभाऊंना मात्र ते नीट कळलं. "भालचंद्रा, हाच का रे तो वरचा मजला?"

"अरे, गोष्ट आहे ती!"

"असेल. पण मला ब्लडप्रेशर आहे. आणि माझं भुताशी नाही जमायचं." जागा न बघताच ते परत निघाले. कुमुदवहिनींना चटईवरून उठवायलाच त्यांना वेळ लागला. "जरा थांबा हो, ताटाचं काय झालं ते ऐकू द्या," असं त्या दोनदा म्हणाल्या.

दुपारी भालचंद्रराव न जेवताच खुर्चीत बसून राहिले. त्यांना खरोखरच भरून आलं होतं. बायकोला बोलायला माणूस मिळावं म्हणून एवढा आटापिटा केला आणि आपल्याच जिभेनं सगळं घालवलं. आ बैल मुझे मार!

"लतिका," ते शेवटी म्हणाले, "हेमांगीला फोन करतो. पुण्याला जागा बघायला सांगतो."

"पुण्याला?" लतिकाबाईंनी मटाराचं पातेलं खाली ठेवलं. "आणि गुरुवारचं काय?"

"गुरुवारी काय?"

"अहो, त्या लोहडीच्या दुसऱ्याच दिवशी सगळ्या आल्या होत्या. तुम्ही गच्चीवर, टाकीपाशी. 'फिर क्या हुआ दीदी' म्हणून हटूनच बसल्या. मला तुमची गोष्ट अर्धीच आठवत होती, मग घातलं थोडं पदरचं. तेव्हापासून रोज बसतो आम्ही. गुरुवारी विजयालक्ष्मीची आई येतेय मद्रासहून, तिला पहिल्यापासून ऐकायचीय. पुण्याला कसं जाणार? काहीतरीच तुमचं!"

भालचंद्ररावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. आपल्या बायकोला दीदी म्हणणाऱ्या इतक्या जणी जमल्या आणि आपण मात्र मराठी माणूस हुडकत फिरतोय! ते उत्साहानं उठले. "बरं तर! वरच्या फ्लॅटसाठी दुसरं कुणीतरी बघतो, म्हणजे..."

"खबरदार!" बाई कडाडल्या. "तिथं बिऱ्हाड आलं, तर माझं भूत कुठं राहील?"

मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "आणि हे बघा, गुरुवारी चार वाजता सगळ्या आपल्याकडे बसतील, तेव्हा तुम्ही वर जाऊन बसायचं. मी कडी काढ म्हटलं, की तीनदा ठोकायचं. उगाच धाडधाड नको. चांगल्या भुकेल्या माणसासारखं आलं पाहिजे."

"ते कसं जमायचं?"

"जमेल की," लतिकाबाई मटार घेऊन स्वयंपाकघराकडे वळल्या. "त्या दिवशी तुम्हाला दुपारी जेवायला वाढतच नाही."