गुंडेरावांची तपासणी

गुंडेरावांनी आधी मला अंगणात बाजूला घेतलं आणि बायकोचं माहेर विचारलं. मग तिला बाजूला घेऊन तेच विचारलं. दोघांनीही 'भोकर' सांगितलं, तेव्हा कुठं खोलीचं कुलूप निघालं.

देगलूरजवळच्या होट्टल गावात चालुक्यांच्या काळातली मंदिरं आहेत. ती निवांत बघावीत म्हणून मी, बायको आणि माझी आई नांदेडहून दोन दिवसांसाठी गेलो होतो. गुंडेरावांच्या पुण्यातल्या मुलानं गावचं घर पाहुण्यांना भाड्यानं द्यायला इंटरनेटवर टाकलेलं. खुद्द गुंडेरावांना ते मुळीच पसंत नव्हतं. त्यांची सगळी नोकरी एसटीत तिकीट तपासण्यात गेली. समोरचा माणूस विनातिकीट आहे असं धरूनच ते बोलायला सुरुवात करत.

"खरं सांगा सर, काहून आलात?"

"देवळं बघायला."

"दगडं बघाया कुणी भाडं देऊन ऱ्हातं का? मला काय समजत न्हाई?"

त्यांचा संशय होता गुप्तधनाचा. माझ्या कॅमेऱ्याच्या स्टँडची पिशवी त्यांनी दोनदा उघडून पाहिली. मंदिरात आमच्या दहा पावलं मागं ते होतेच. बायको चपलेतला खडा काढायला वाकली, तर लगेच, "काय उचललं, ताई?" तिनं खडा तळहातावर ठेवून दाखवला. त्यांनी तो उन्हात धरून निरखला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

आईला ऐकू येत नाही. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ती ते लावत नाही. गुंडेरावांना हेही पटेना. "बहिरे लई बघितले, सर. तिकीट मागितलं की अर्धी गाडी बहिरी व्हायची."

संध्याकाळी आई ओसरीवर कोथिंबीर निवडत बसली होती. गुंडेराव मागून हळूच आले आणि त्यांनी पितळेची परात फरशीवर सोडली. मी उडालो, मांजर भिंतीवरून पलीकडं गेलं. आई कोथिंबीर निवडतच राहिली. गुंडेरावांनी परात उचलली आणि ते म्हणाले, "अक्का खऱ्या हायेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई घरीच थांबली. आम्ही दोघं मंदिराकडं निघालो, तर गुंडेराव जागचे हललेच नाहीत. "तुमी जावा. अक्का हायेत, मी हाय."

आता संशय यायची पाळी आमची. मंदिरात बायकोचं लक्ष लागेना. एका सुरेख कोरलेल्या खांबापुढं उभी राहून ती म्हणाली, "अहो, आईंच्या हातात पाटल्या आहेत." पाच मिनिटांत आम्ही परत फिरलो. आवाज न करता मागच्या दारानं आत शिरलो आणि थबकलो.

ओसरीवर आई लसूण सोलत होती. समोर गुंडेराव मांडी घालून बसले होते आणि हळू आवाजात बोलत होते.

"तीस वर्सं लोकायचं खोटं पकडलं, अक्का. तोंड बघून सांगायचो, ह्याच्यापाशी तिकीट न्हाई मनून. आन घरात माझी बायकू सुशीला दोन वर्सं पोट धरून बसायची. विचारलं की मनायची, 'काई न्हाई, बरं हाय.' मी मनलं, बरं असंल. येवढं साधं खोटं. मला पकडता आलं न्हाई. दवाखान्यात नेलं तवा उशीर झाल्ता. पोराला बी हे सांगितलं न्हाई मी."

बायकोनं माझा हात घट्ट धरला.

आईनं लसूण खाली ठेवला आणि बराच वेळ त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "जेवलास का रे?"

गुंडेरावांनी डोळे पुसत मान डोलावली. "हाव, जेवलो की."

"कशाला खोटं सांगतोस? तोंड बघ कसं सुकलंय!"

मनगटाला धरून आईनं त्यांना उठवलं, चुलीपाशी नेलं आणि भाकरी-पिठलं वाढलं. कुणी केलं, कधी केलं, कशाचं केलं, काहीएक न विचारता गुंडेराव जेवायला बसले.