राउटर देखरेख समितीचा अहवाल, कंसांसह

घरातली कोणतीही वस्तू बिघडली, की ती दुरुस्त होण्याआधी गल्लीतल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाला एकदा तरी तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभं राहावं लागतं. विज्ञानाला यावर अजून पर्याय सापडलेला नाही. मिक्सर, मोटरसायकल, बोअरचा पंप यांच्या बाबतीत आमच्या तालमीमागच्या गल्लीने हा नियम कसोशीने पाळला आहे. कृष्णात चौगले यांच्या घरच्या राउटरला त्यातून वगळण्याचं काही कारण नव्हतं.

कृष्णातराव दुधाच्या धंद्यातले, मनाने मोठे. आलेल्याला आधी पाणी, मग चहा, मग वायफायचा पासवर्ड, असा त्यांच्या घरचा क्रम आहे. "पावणं, वायफाय घ्या की!" असं ते दारातूनच म्हणतात, आणि नको म्हणणाऱ्याचा त्यांना मनापासून राग येतो. पासवर्ड 'तांबडापांढरा', मधे जागा न सोडता, दाराशेजारच्या कॅलेंडरवर लिहिलेला आहे. पेंडीची पोती टाकणारे, मीटर वाचणारे, इचलकरंजीचे पाहुणे, पाहुण्यांचे ड्रायव्हर, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले (चुकून आलेलेसुद्धा), कुणालाही या घराने कोरड्या फोनाने परत पाठवलेलं नाही. (गल्लीत मोबाइलची रेंज फक्त गच्चीवरच्या टाकीशेजारी मिळते, तीही वारा असेल तर.)

अशा या राउटरने श्रावणापासून मान टाकायला सुरुवात केली. पडद्यावर गोल चाक फिरायचं आणि फिरतच राहायचं. एरवी हे खपून गेलं असतं. पण कृष्णातरावांची थोरली मुलगी पूर्णिमा हिची पुण्याच्या एका कंपनीतली शेवटची मुलाखत गुरुवारी सकाळी अकराला, घरी बसून, लॅपटॉपवर व्हायची होती. आधीच्या दोन फेऱ्या तिने पार केल्या होत्या. नोकरी मिळाली तर पुणे, नाही मिळाली तर शिरोळचं स्थळ, इतकं सरळ घरात ठरलं होतं. नोकरी होती लोकांचं बिघडलेलं नेट दुरुस्त करून देण्याची. पूर्णिमेने अभियांत्रिकीची चार वर्षं याच विषयात काढली आहेत. म्हणून समितीने पहिल्याच बैठकीत तिला दुरुस्तीच्या कामातून मुक्त केलं. पोरीनं अभ्यास करावा, राउटरचं आम्ही बघतो.

समितीची रचना अशी: अध्यक्ष पिराजीमामा, निवृत्त लाइनमन, तीस वर्षं खांबावर काढलेली. उपाध्यक्ष चन्नाप्पाअण्णा, कापड दुकानदार, दिशांचे जाणकार. सचिव प्रस्तुत लेखक (पात्रता: घरी प्रिंटर आहे).

सोमवारी मामांनी प्लगला टेस्टर लावला, डोळे मिटले आणि निदान केलं, "करंट हाय, पण दम न्हाय." उपाय एकच: बंद करायचं, दहा आकडे मोजायचे, चालू करायचं. सोमवार ते बुधवार राउटर एकूण एकसष्ट वेळा बंद-चालू झाला. पैकी अडतीस वेळा ठरावाने, चौदा वेळा संशयावरून, सात वेळा शालूबाईंना, म्हणजे पूर्णिमेच्या आईला, मिक्सरसाठी प्लग हवा होता म्हणून, आणि दोन वेळा का ते समजलं नाही. प्रत्येक वेळी वेग तपासण्यासाठी हजर असलेल्या सगळ्यांनी आपापला फोन जोडून कुस्तीचे व्हिडिओ लावले. कुस्तीत अडथळा चटकन कळतो, पैलवान हवेतच राहतो.

(या वेळी पूर्णिमा दारात येऊन "मामा, आधी याला किती फोन जोडलेत ते" असं काहीतरी म्हणत होती. तेवढ्यात चहा आला.)

मंगळवारी अण्णांच्या लक्षात आलं की राउटरचं तोंड दक्षिणेला आहे. "दक्षिणेकडं तोंड करून कोण काम करतंय व्हय?" त्यांनी विचारलं. राउटर फ्रिजवर गेला, तिथून देवघरापुढे, शेवटी पालथ्या तांब्याच्या घागरीवर पूर्वाभिमुख बसला. मामांनी हळद-कुंकू वाहू दिलं नाही. मामा शास्त्रीय वृत्तीचे आहेत.

एव्हाना बातमी पसरली होती. पाहणीसाठी सोमवारी नऊ जण होते, मंगळवारी सतरा, बुधवारी सव्वीस. सगळ्यांना पाणी, चहा, पासवर्ड. माणसं वाढत गेली, नेटचा वेग घटत गेला. दोन्ही आकडे मी वहीत शेजारीशेजारी लिहिले आहेत. त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं समितीला वाटलं नाही.

(पूर्णिमेने आपल्या फोनवर कसलीतरी लांबलचक यादी काढून अण्णांपुढे धरली. अण्णांचा चष्मा दुकानात राहिला होता.)

बुधवारी नेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. बावीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "कृपया राउटर बंद करून चालू करा." मामांचे डोळे पाणावले. आपण तीन दिवस जे करत होतो तेच वरच्या पातळीवरही करतात, हे कळल्याचं समाधान मोठं असतं.

(पूर्णिमा बापाला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, पासवर्ड बदलूया. फक्त उद्याच्या दिवस. न्हाय तर मी मैत्रिणीकडं जाऊन देते मुलाखत." कृष्णातराव म्हणाले, "आणि लोकास्नी काय सांगू? आलेल्याच्या तोंडावर दार लावू? घरात वायफाय असताना दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जातीस? खुळी का काय तू!" विषय घरगुती असल्याने समितीने नोंद घेतली नाही.)

गुरुवारी पोरीला धीर द्यायला अख्खी गल्ली लोटली. शालूबाईंनी सोप्यात सतरंज्या टाकल्या. आतल्या खोलीत पूर्णिमा लॅपटॉपसमोर, बाहेर आम्ही त्रेचाळीस जण. "कुणी खोकायचं न्हाय," मामांनी बजावलं. कुणी खोकलं नाही. इतका वेळ गप्प बसायची सवय नसल्याने सगळ्यांनी फोन काढले आणि आवाज बंद करून व्हिडिओ लावले. नोंद ठेवायची म्हणून मीही लावला.

अकराच्या ठोक्याला पडद्यावर तीन साहेब आले. पहिल्या दोन प्रश्नांना पूर्णिमेने अशी उत्तरं दिली की दाराआडून बघणाऱ्या कृष्णातरावांनी शालूबाईंचा हात धरला. मग मधल्या साहेबांनी विचारलं, "समजा, एका घरचं नेट सारखं अडकतंय. तुम्ही आधी काय बघाल?"

पूर्णिमा हसली. आठवडाभरात हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"सर, आधी बघायचं की त्या राउटरला जोडलेले..."

चाक फिरू लागलं. तिघे साहेब होते तिथेच थिजले. पूर्णिमा बोलत राहिली, पण ते तिकडे पोचत नव्हतं. आणि तीस वर्षांचा अनुभव मामांच्या अंगात जागा झाला. "घाबरू नगंस पोरी, मी हाय!" असं ओरडत त्यांनी घागरीकडे धाव घेतली आणि प्लग उपटला. बंद-चालू, वेळ बासष्टावी.

राउटर पुन्हा उजळायला चार मिनिटं लागली. तोवर साहेब निघून गेले होते. संध्याकाळी कंपनीचा निरोप आला. या पदासाठी निदान स्वतःच्या घरचं नेट सांभाळता येणं अपेक्षित आहे, असं त्यांनी सभ्य शब्दांत कळवलं होतं.

त्याआधी, दुपारी, पूर्णिमेने लॅपटॉप मिटला आणि आईशेजारी बसून आमचे त्रेचाळीस कप विसळले. ती रडली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, हे इथे लिहितो, कारण अहवालाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.

कप पालथे घातल्यावर तिने पासवर्ड बदलला. तो कुणालाच माहीत नाही, बापालाही नाही. तेव्हापासून चौगल्यांचं नेट विनातक्रार चालतं. हे बासष्टाव्या बंद-चालूचं फळ असल्याचं समितीने एकमताने मान्य केलं, आणि रविवारी मामांना फेटा बांधून नारळ दिला. पूर्णिमेबद्दल मात्र गल्लीत नाराजी आहे. शिकली, पण माणुसकी शिकली नाही. शिरोळची मंडळी पुढच्या रविवारी बघायला येणार आहेत. त्यांना पाणी मिळेल, चहा मिळेल, पुढचं काय करायचं या काळजीने कृष्णातरावांना जेवण जात नाही.

हा अहवाल मंजुरीला ठेवला तेव्हा अण्णा, चष्मा लावून, म्हणाले, "सचिव, समदं झ्याक हाय. तेवढे कंस काढा. वाचताना पायात येतात." मी म्हटलं, राहू देत, अडचण होणार नाही. पोरगी काय सांगतेय हे वाचणाऱ्याला तिच्या पहिल्याच कंसात कळेल, आणि तरी तिचं वाक्य तिथेच सोडून पिराजीमामा पुढे काय गंमत करतात ते बघायला तो जाईल.

तुम्ही गेलातच की.