अक्कांचा बदाम सात

मेहरूणमध्ये आमच्या शेजारी अक्का राहतात. त्यांच्या ओट्यावर बदाम सात खेळायला बसलात आणि टाकायला पान नसलं, तर 'पास' म्हणायचं नाही. खोकायचं. तेही वरवर चालत नाही, छातीतून आलं पाहिजे. नवा माणूस पहिल्याच डावात पाणी मागतो.

हा एक नियम कायमचा. बाकीचे रोज बदलतात, कधी कधी तर डावाच्या मध्यातच. आज चौकट राणी पालथी टाकायची. उद्या डाव जिंकणाऱ्यानं 'हरलो बुवा' म्हणून तोंड पाडून बसायचं. मी धुळ्याची. आमच्या माहेरी पत्ते म्हणजे पत्ते, असली थेरं कुणी खपवून घेतली नसती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या बाबतीत मी माहेरचीच. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात भांडले. कुठे लिहिलंय हे, म्हटलं. अक्कांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आजना नियम न्यारा शे."

झालं, विषय संपला. समोरच्या घरातले बन्सीनाना, एसटीतले निवृत्त कंडक्टर, निमूट राणी पालथी टाकायचे. जन्मभर लोकांना पुढे सरकवलेला माणूस इथं चकार शब्द काढत नाही, याचाही मला राग यायचा.

आमचे हे मात्र त्या ओट्यावर रमले. ह्यांना एक खोड होती. पान टाकण्याआधी गाल फुगवून त्यावर फुंकर मारायची. पान आहे ते, चहा नाही, असं मी किती वेळा म्हटलं. हे म्हणायचे, असू दे, पोळतं. ऐन मे महिन्यात कूलरसमोर बसूनसुद्धा ती फुंकर कधी चुकली नाही.

गेल्या हिवाळ्यात हे गेले. सकाळी भरिताची वांगी आणून दिली, जरा पडतो म्हणाले, आणि उठलेच नाहीत. माणसं आली, गेली. मग मी दार लावून घेतलं. घर खायला उठायचं, पण ओट्याकडे बघवत नव्हतं. दुपारी शेजारून खोकल्याचा आवाज आला की मी खिडकीही लावायची.

एका दुपारी अक्का दारात उभ्या. धीर धर वगैरे काही म्हणाल्या नाहीत. पानं वाटून झालीत, चल, एवढंच. मी नाही म्हटलं, तशा उंबऱ्यातच बसल्या. गुडघे दुखणाऱ्या बाईला तिथं किती वेळ बसवणार? गेले शेवटी, धुसफुसतच.

बदाम सत्ती नेमकी माझ्याकडे आली. ती पडल्याशिवाय डावच सुरू होत नाही. मी ती टाकणार, तोच अक्का म्हणाल्या, "आजना नियम न्यारा शे. बदामनं पान फुंक मारीसन टाकानं."

माझा हात तिथंच राहिला. सगळी पानं फेकून उठावंसं वाटलं. थट्टा करता का माझी, असं विचारलंही. अक्का आपली पानं जुळवत राहिल्या. मग बन्सीनानांनीच हळू आवाजात सांगितलं. अक्कांचे यजमान आबा मोठे मानी. जन्मात कधी 'पास' म्हणाले नाहीत, नुसते खोकायचे. धरणगावच्या मावशीला वाटायचं, चौकट राणी आपल्याकडे डोळे वटारून बघते. चोपड्याचा धाकटा भाऊ हरला की रडायचा, म्हणून जिंकणाराच हरल्याचं सोंग करायचा. त्यांतलं आता कुणी नाही. अक्का रोज एकेकाला खेळायला बसवतात. आबांना मात्र रोजच.

"माणूस गया," अक्का हातातल्या पानांकडे बघत म्हणाल्या. "आते त्यानी सवय मी कोठे ठेवू?"

मी सत्ती तोंडाजवळ नेली. फुंकर धड निघालीच नाही.

"परत मार," अक्का म्हणाल्या. "त्यानी मोठी ऱ्हाये."

हे गेल्यापासून पहिल्यांदाच मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडू. तशीच गाल फुगवून फुंकर मारली आणि पान टाकलं.

बन्सीनाना आपली पानं चाळून खोकले. मग अक्कांनी बदाम छक्की काढली, गाल फुगवले आणि फुंकर मारली. हुबेहूब ह्यांची.