अंगठ्याचा कलंक आणि देवयानीवरील स्वारी

श्रोते सावध असावे. देवयानी नामे दीर्घिका, आपल्या आकाशगंगेची शेजारीण, भोवऱ्यासारखी पिळदार, मुक्काम पंचवीस लक्ष प्रकाशवर्षे दूर. तिची तसबीर गच्चीवरून कैसी हस्तगत जाहली, ते यथास्थित लिहितो. पदरचे घातले असेल तर मिठाइतकेच.

राजश्री चष्मेवाले, भिंगांचे मोठे दर्दी, यांनी मागे एक तसबीर काढोन दुकानी टांगली आणि 'हीच देवयानी' म्हणोन मिरविली. मग मेहुणे आले. ते नोंदणी कचेरीत कारकून, लोकांचे अंगठे उठविण्यात हयात गेलेली. भर गिऱ्हाइकांत वदले, "दाजी, कसली देवयानी? हा तर तुमचा अंगठा!" दुर्बिणीच्या भिंगावर ठसा राहिला होता. अब्रूचे खोबरे जाहले. तेव्हां चष्मेवाल्यांनी पण केला की, येत्या अमावस्येस खरी तसबीर काढू, न साधल्यास दुर्बीण मेहुण्यांस नजर. मेहुणे म्हणाले, "चालेल. टॉवेल वाळत घालीन."

अमावस्या आली. गच्चीवर तिपाई रोविली, दुर्बिणीस कॅमेरा जोडला आणि हुकूम सुटला की, घरात कोणी पाऊल आपटू नये, जिना चढू नये, शिंक आल्यास उशीत शिंकावे. मिनिटा-मिनिटाच्या साठ तसबिरा घेऊन त्यांची एक करावी, ऐसी मसलत. चाळीस सर जाहल्या आणि मग दंवाने छापा घातला, भिंग पांढरेफटक. येथे चष्मेवाल्यांस तीस वर्षांच्या सवयीने दगा दिला: त्यांनी भिंगावर 'हाऽ' करोन वाफ सोडली, ते अधिकच पांढरे केले, आणि सदऱ्याचे टोक अंगठ्यावर घेतले.

"अहो! अंगठा आवरा!"

जिन्यात खासा कबिला, बाईसाहेब, हुकूम मोडोन कुमकेस हजर. हाती केस वाळवायचे यंत्र. मग गरम वाऱ्याची तोफ चालली आणि दंवाची दाणादाण उडाली. "माझ्या भावाकडे टॉवेलाला दोरी आहे," इतकेच बोलोन बाईसाहेब खाली गेल्या.

दुसरे दिवशी मेहुणे आले, टॉवेल घेऊनच. तसबीर फिकट, राखाडी, परंतु पीळ स्पष्ट. त्यांनी चष्मेवाल्यांची दहाही बोटे शाईत बुडवोन तसबिरीशी ताडोन पाहिली. एक जुळेना. मग पायाचे अंगठे मागितले. तेही जुळेनात.

येणेप्रमाणे देवयानी फत्ते जाहली. 'सदरहू तसबीर कोणाचाही अंगठा नव्हे' ऐसा दाखला मेहुण्यांनी लिहिला आणि सहीस पेन चालेना, म्हणोन खाली स्वतःचा अंगठा उठविला. दाखला दुकानी तसबिरीशेजारीच टांगिला आहे. आणि नवे गिऱ्हाईक हटकून त्या अंगठ्यासच देवयानी समजते.